गुरुवारचा पाव्हणा

"जागा बगायला आलायसा?"

वृद्धाश्रमात पहिल्यांदा पाऊल टाकलं त्या गुरुवारी मला विचारला गेलेला हा पहिला प्रश्न. विचारणारे गृहस्थ व्हरांड्यातल्या लोखंडी खुर्चीत बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, कुस्तीत मोडलेले कान, आणि मान कुठं संपते न् खांदे कुठं सुरू होतात याचा पत्ता लागू नये अशी बांधणी. मी म्हणालो, "नाही हो, सेवा करायला आलोय."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. केस, पोट, गुडघे, या क्रमानं.

"वय किती?"

"एकसष्ट."

"मग असू द्या. बगून ठेवायला काय जातंय? एक नंबरच्या खोलीला सकाळचं ऊन येतंय."

सेवाभावाचा फुगा इतक्या थोडक्यात फुटल्याचं दुसरं उदाहरण माझ्याजवळ नाही. आता खरं सांगायचं तर तो फुगा मी स्वतः फुगवलेलाही नव्हता. सहकारी बँकेतून निवृत्त झाल्यावर पहिल्या महिन्यात मी स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. दुसऱ्या महिन्यात गॅसचा सिलिंडर किती दिवस पुरतो याची वही घातली. तिसऱ्या महिन्यात सौभाग्यवती चहाचा कप पुढ्यात ठेवून शांतपणे म्हणाल्या, "अहो, तुम्ही कुठंतरी समाजसेवा करा की. जरा लांब कुठंतरी."

कोल्हापूर शहराबाहेर, उसाच्या फडाला लागून असलेला हा आश्रम घरापासून अकरा किलोमीटर आहे. सौभाग्यवतींना अंतर पटलं.

आश्रम या शब्दाची मला पहिल्यापासून गंमत वाटते. आपल्या पूर्वजांनी आयुष्याचे चार आश्रम सांगितले आणि ते थांबले. पाचवा आपण बांधला. १९९५ साली राज्यात युतीचं सरकार आलं, तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांतून वृद्धाश्रम काढायची योजना निघाली आणि तिला नाव दिलं 'मातोश्री'. पाटीवरही आई, आतही आई. पुढं २००७ साली आईवडिलांच्या निर्वाहाचा केंद्राचा कायदा झाला. दर जिल्ह्यात निदान दीडशे निराधार वृद्धांची सोय होईल एवढा तरी आश्रम असावा, असं त्यात लिहून ठेवलंय. मुलगा सांभाळत नसेल तर प्रांताकडं अर्ज करावा, महिन्याला दहा हजारांपर्यंत पोटगी मिळू शकते. बँकेतला माणूस असल्यानं मी हे सगळं उत्साहानं एका आजोबांना समजावून सांगितलं. फॉर्मसुद्धा नेला होता. त्यांनी तो वाचला, घडी घातली आणि चष्म्याच्या घरात ठेवून दिला. "कचेरीत पोरगं माज्यासमोर उभं ऱ्हाणार. मग मी तेच्याकडं बगू, का साहेबाकडं?" त्या दिवशी पुढं मी काही समजावलं नाही.

आमचे वस्ताद (मोडलेल्या कानांचे तेच) म्हणजे या आश्रमाचे अनधिकृत स्वागताध्यक्ष. येणाऱ्या पाहुण्यांचे त्यांनी प्रकार पाडलेत. पहिला प्रकार वाढदिवसवाल्यांचा. घरी पार्टी न करता वृद्धाश्रमात वाढदिवस साजरा करायची पद्धत आता आपल्याकडं चांगलीच रुजली आहे. हेतू वाईट नाही. पण ज्या घरातल्या सोळा जणांना साखरेचं पथ्य आहे तिथं महिन्यातून सहा केक येतात, हे बघून डॉक्टर कपाळाला हात लावतो. दुसरा प्रकार केळीवाल्यांचा. स्वातंत्र्यदिन किंवा गांधीजयंती आणि एखाद्या नेत्याचा वाढदिवस आठवडाभराच्या आत आला तर आश्रमाचं केळ्याचं कोठार होतं. तिसरा प्रकार पितृपंधरवड्यातला. वाडवडिलांच्या तिथीला इथं अन्नदान करायला यादी लागते, आणि त्या पंधरा दिवसांत भात, खीर, वडे, अळूची भाजी यांचा मारा असतो. "आमास्नी जित्तेपणीच पितर करून टाकलंय," असं गुजरीतल्या आक्का म्हणतात आणि पुढचा वडा उचलतात.

या सगळ्या समारंभांत यजमानांचं काम फार अवघड असतं. यजमान म्हणजे म्हातारी मंडळी. दुपारची वामकुक्षी मोडून ओळीनं बसायचं. गाणी ऐकायची. डोळ्यांत पाणी यावं अशी समोरच्यांची अपेक्षा असली तर निदान चष्मा काढून पुसायचा. फोटोच्या वेळी ज्याच्या तोंडात केक भरवला जातोय त्यानं तोंड उघडं ठेवायचं, कारण पहिला फोटो हमखास हलतो. हे सगळं मंडळी इतक्या सराईतपणानं करतात की हळूहळू माझ्या लक्षात आलं, इथं सेवा चालते खरी, पण ती दुपारी तीन ते पाच आणि उलट्या दिशेनं. कुणाला पुण्य पाहिजे असतं, कुणाला कॉलेजच्या प्रकल्पाचे गुण, कुणाला आईची आठवण होत असते. मंडळी सगळ्यांना हवं ते देतात आणि साडेपाचला चहा घेतात.

एकदा कॉलेजच्या एका उत्साही मुलानं तिथं 'नटसम्राट'मधलं स्वगत म्हटलं. आता शिरवाडकरांचं हे नाटक १९७० साली रंगभूमीवर आलं तेव्हा समोर बसलेली ही मंडळी विशी-तिशीत होती. त्यांतल्या निम्म्यांनी डॉक्टर लागूंचा प्रयोग बघितलेला, उरलेल्यांनी बघितला नसून बघितल्याचं सांगितलेलं. वृद्धाश्रमातल्या लोकांसमोर बेघर म्हाताऱ्याचं स्वगत म्हणायला जे काळीज लागतं ते फक्त विसाव्या वर्षी असतं. पोरगं जीव तोडून घराची याचना करत होतं. हॉलमध्ये सन्नाटा. तेवढ्यात मागच्या ओळीतून आक्कांचा स्पष्ट आवाज आला, "सात नंबरची खोली रिकामी हाय म्हणावं." टाळ्या मात्र त्या पोराला भरपूर मिळाल्या. वस्तादांनी जवळ बोलावून त्याच्या दंडाला हात लावून पाहिला आणि म्हणाले, "आवाज हाय, पण बुडात जोर न्हाई. रोज पन्नास बैठका मार."

मीही सुरुवातीला चुका केल्या. पहिल्या गुरुवारी मी मंडळींना विचारलं, "कसं वाटतं इथं?" हा प्रश्न माणसानं माणसाला विचारू नये. आपल्याला कुणी घरात येऊन "कसं वाटतं घरात?" असं विचारलं तर आपण काय सांगू? दुसऱ्या गुरुवारी मी वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. मास्तर म्हणून एक निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी मध्येच थांबवलं. "वाचता येतं आम्हाला. तुमचा 'ण' मात्र बघायला पाहिजे."

तिसऱ्या गुरुवारी चुकून योग्य गोष्ट घडली. विषय निघाला किरणोत्सवाचा. ९, १० आणि ११ नोव्हेंबरला, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारीला मावळतीचं ऊन महाद्वारातून आत येतं आणि अंबाबाईच्या चरणांवरून चढत मुखापर्यंत जातं. ढग आले, धुरळा असला, नाहीतर वाटेत कुणाची इमारत आली की ऊन मध्येच विरतं. मी सहज बोलून गेलो, "पूर्वी म्हणे दरवर्षी मुखापर्यंत जायचं." झालं. आक्का म्हणाल्या, जायचंच, मी बघितलंय. मास्तर म्हणाले, दरवर्षी नाही, पूर्वीही ढग होते. आक्का म्हणाल्या, तुमच्याकडं असतील ढग, गुजरीत नव्हते. वस्ताद मध्ये पडले आणि त्यांनी वाद खासबागेत नेला, कारण वस्ताद प्रत्येक वाद शेवटी खासबागेतच नेतात. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये बांधून घेतलेलं ते मैदान, तिथल्या कुस्त्या, १९५९ चे पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे मोठे की १९६० चे गणपतराव आंदळकर, आणि कुणाची पकड कशी. दीड तास. व्हरांड्यात येऊन कधी न बसणारी दोन माणसं काठ्या टेकत आली आणि चुकीच्या बाजूनं लढली. चहा गार झाला. निघताना वस्ताद म्हणाले, "आज लई बरं वाटलं बगा. हितं सगळी आमच्याशी गोड बोलत्यात. भांडायला कोण येतच न्हाई."

हे मला घरी येईपर्यंत पुरलं. म्हाताऱ्या माणसाशी आपण सगळे एका विशिष्ट आवाजात बोलतो. किंचित मोठ्यानं, किंचित लाडिक, आणि त्यांचं सगळं म्हणणं मान्य करत. "हो आजोबा, बरोबर आहे आजोबा." कोल्हापूरच्या माणसाला याच्यासारखा अपमान नाही. ज्या गावात गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशीचं धारोष्ण दूध पितापिता लोक देशाचा अर्थसंकल्प दुरुस्त करतात, त्या गावातला माणूस ऐंशीचा झाला म्हणून त्याचं सगळंच कसं बरोबर होईल?

तेव्हापासून मी तयारी करून जातो. मुद्दाम एखादं चुकीचं विधान घेऊन जातो. मिसळीचा कट पातळच असावा, असं म्हटलं की दोन तास जातात.

काही कामं मात्र खरोखरच करावी लागतात. सुईत दोरा ओवणं हे त्यांतलं पहिलं. आक्कांची गोधडी चालू असते, आणि मी गेलो की आठ सुया ओवून पिनकुशनला टोचून ठेवायच्या, त्या पुढच्या गुरुवारपर्यंत पुरवायच्या. दुसरं काम नोव्हेंबरातलं. हयातीचा दाखला. पेन्शन चालू राहायची तर वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं सिद्ध करावं लागतं. २०१४ पासून हे संगणकावरही होतं, पण त्याला बोटांचे ठसे लागतात; आणि वस्तादांनी आधी आखाड्यातली माती आणि मग साखर कारखान्यातली पोती इतकी वर्षं हाताळली की ठसे पुसूनच गेले. यंत्र सांगे, हा माणूस जुळत नाही. ईपीएस ९५ ची पेन्शन ती केवढी, किमान हजार रुपये. पण ती थांबली तर वस्तादांची तंबाखू आणि ताठा दोन्ही थांबणार. नंतर २०२१ मध्ये चेहरा दाखवून दाखला काढायची सोय आली. मी मोबाइल समोर धरला. त्यावर सूचना येते, डोळ्यांची उघडझाप करा. वस्ताद पापणी हलवेनात. पंचासमोर डोळा न लववता उभं राहायची सवय. शेजारी आक्का आपल्या पाळीची वाट बघत होत्या. म्हणाल्या, "जित्ती हाय म्हणून सरकारला डोळा मारायला लागतोय व्हय? आमच्या काळात डोळा मारला तर उलट बाप जित्तं ठेवत नव्हता." वस्ताद हसले, पापण्या मिटल्या, उघडल्या, आणि सरकारला ते जिवंत असल्याची खात्री पटली.

आक्का शहात्तर वर्षांच्या आहेत, त्यामुळं त्यांच्याजवळ आणखी एक सरकारी सत्ता आहे. २०२२ च्या ऑगस्टपासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एसटी फुकट झाली. महिन्यातून एकदा त्या गारगोटीला जातात. गारगोटीत त्यांचं कोणी नाही. स्टँडवर चहा पितात आणि त्याच गाडीनं परत येतात. "कशाला जाता?" असं मी विचारलं तर म्हणाल्या, "कंडक्टर 'कुठं?' म्हणून विचारतोय की. हितं कोण विचारतंय, आक्का कुठं?"

आता एक विचार जो मला दर गुरुवारी परतताना कळंब्याच्या आसपास सुचतो आणि रंकाळ्यापर्यंत टिकतो. हे गाव बोर्डिंगांचं गाव. विद्यार्थी वसतिगृहांची जननी असं कोल्हापूरला म्हणतात ते उगाच नव्हे. १९०१ मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान यांची बोर्डिंगं, अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क हॉस्टेल, अशी रांगच लागली. खेड्यातलं पोरगं पत्र्याची ट्रंक घेऊन यायचं, अनोळखी पोरांबरोबर एका खोलीत राहायचं, घंटेला जेवायचं आणि माणूस होऊन बाहेर पडायचं. जैन बोर्डिंगमध्ये एक उंचापुरा मुलगा होता. मिस क्लार्क हॉस्टेलच्या समारंभाला जाऊन आल्यावर त्यानं अंघोळ करावी असा आग्रह झाला, त्यानं नकार दिला आणि त्याला बाहेर पडावं लागलं. त्या मुलानं पुढं साताऱ्यात स्वतःच बोर्डिंग काढलं. ते कर्मवीर भाऊराव पाटील.

आमचे मास्तरही बोर्डिंगातलेच. त्यांच्या दृष्टीनं हा आश्रम म्हणजे दुसरं बोर्डिंग. तीच ट्रंक, तीच घंटा, तीच पातळ आमटी, आणि घरचं पत्र येण्याची तीच वाट. फरक एवढाच की पहिल्या बोर्डिंगात सुपरिंटेंडेंटची भीती वाटायची, आणि इथला मॅनेजर यांनाच भितो. २०११ च्या शिरगणतीत महाराष्ट्रात दर शंभरांतली दहाएक माणसं साठीपुढची निघाली होती, आता त्याहून जास्त असणार. म्हणजे बोर्डिंगांचा दुसरा मोसम येणारच आहे. हॉलंडमध्ये डेव्हेंटर नावाच्या गावात ह्युमॅनिटास नावाचं वृद्धनिवास आहे. तिथं काही विद्यार्थ्यांना फुकट खोली देतात. अट एकच, महिन्याला तीस तास चांगल्या शेजाऱ्यासारखं वागायचं. हे मी मास्तरांना सांगितलं तेव्हा त्यांचे डोळे चमकले. शिवाजी विद्यापीठात शिकायला येणारी, खोल्या शोधत हिंडणारी पोरं इथं आली तर? मग ते गंभीर झाले. "पण तीस तासांत माझ्या खोलीतल्याचं घोरणं धरायचं की वेगळं?"

तसा एक अमेरिकेतला प्रयोगही मला माहीत आहे. लँगर आणि रॉडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांनी तो १९७६ मध्ये छापला. कनेटिकटमधल्या एका वृद्धगृहात एका मजल्यावरच्या लोकांना झाडं दिली आणि सांगितलं, पाणी तुम्ही घालायचं, तुमचं तुम्ही ठरवायचं. दुसऱ्या मजल्यावरही झाडं दिली, पण पाणी नर्स घालणार. तीन आठवड्यांनी पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त तरतरीत दिसली. मी केळ्यांऐवजी मेथीच्या जुड्या न्यायला लागलो ते यानंतर. आश्रमाचा आचारी आज्यांना स्वयंपाकघरात घेत नाही, पण व्हरांड्यात चटई टाकून मेथी निवडायला त्याची ना नाही. चार आज्या बसल्या. पहिली जुडी सोडायच्या आधीच निकाल लागला.

"कुठनं आणलीस ही?"

"लक्ष्मीपुरीतनं."

"फसवलं तुला. कपिलतीर्थात जायाचं. आणि दांडा बगून घ्यायचा असतोय, पान बगून न्हाई. बायको काय बोलत न्हाई व्हय तुला?"

एकसष्ट वर्षांच्या माणसाला मेथी कळत नाही याचा त्या चौघींना झालेला आनंद कुठल्याही केकनं झाला नसता.

अमेरिकेतले डॉक्टर अतुल गावंडे यांनी म्हातारपणावरच्या आपल्या पुस्तकात आजोबांची गोष्ट लिहिली आहे. विदर्भातल्या उटी गावचे शेतकरी सीताराम गावंडे. शंभरीनंतरही घोड्यावर बसून शेताची फेरी मारायचे. जवळजवळ एकशेदहा वर्षांचे असताना बसमधून उतरताना पडले आणि त्यातच गेले. जात कुठं होते? कोर्टात. कामासाठी! ही गोष्ट मी वस्तादांना सांगितली. अमेरिकेतल्या वाचकाला त्या गोष्टीत एकत्र कुटुंब दिसतं. वस्तादांना त्यात फक्त एकच गोष्ट दिसली. "तारीख होती का शेताची? निकाल काय लागला?"

हे सगळे किस्से मी घरी जेवताना सांगतो. सौभाग्यवती ऐकतात. परवा वस्तादांची एक जुनी कुस्ती मी त्यांच्याच हातवाऱ्यांसह सांगत होतो, त्यांनी ती मला चौथ्यांदा सांगितली तरी मी कशी पहिल्यांदा ऐकल्यासारखी ऐकली, हेही सांगितलं. सौभाग्यवती पोळी वाढता वाढता म्हणाल्या, "सासूबाईंची गोष्ट दुसऱ्यांदा सुरू झाली की तुम्ही पेपर उघडायचात." मग तूप वाढलं. आईच्या त्या गोष्टीत एक विहीर होती आणि एक हरवलेली नथ होती. नथ सापडली की नाही, ते मला आठवत नाही. घरात आता ते कुणालाच माहीत नाही.

मागच्या महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी बेळगावला गेलो आणि एक गुरुवार चुकला. त्यात काय, सेवाच तर आहे, पगार थोडाच? पुढच्या गुरुवारी गेलो तर व्हरांड्यात मास्तर वही घेऊन बसलेले. मला माहीत नव्हतं, पण येणाऱ्या सगळ्या सेवकांचा हजेरीपट मास्तर पहिल्यापासून ठेवतात. तारीखवार, लाल रेघा मारून. केळीवाले, केकवाले, कीर्तनवाले, सगळे त्यात. माझ्या नावापुढं 'गै. ह.' लिहून खाली दोन रेघा ओढल्या होत्या.

"अर्ज?" मास्तर म्हणाले.

"कसला?"

"रजेचा. न सांगता गैरहजर राहिलात. हे वाट बघत बसले होते," वस्तादांकडं बोट दाखवून, "कट पातळ की दाट यावर बोलायची तयारी करून. आणि आक्कांच्या सुया रिकाम्या."

वस्ताद उसाकडं बघत होते. बोलायला तयार नव्हते.

मी अर्ज लिहिला. छत्तीस वर्षं बँकेत इतरांचे अर्ज नाकारण्यात गेली, तेव्हा मजकूर येत होता. मास्तरांनी तो तांबड्या शाईनं तपासून परत दिला. 'कौटुंबीक' मधली दीर्घ वेलांटी ऱ्हस्व केली होती, 'अपरीहार्य' मधल्या वेलांटीलाही तोच न्याय, आणि समासात शेरा होता, अक्षर सुधारा. दुसऱ्यांदा लिहिला. 'आपला विश्वासू' नंतरचा स्वल्पविराम राहिला म्हणून तिसऱ्यांदा लिहिला. तोवर आक्कांनी सुयांचं पिनकुशन माझ्या मांडीवर आणून ठेवलं होतं.

तिसरा अर्ज मास्तरांनी चष्मा वर करून दोनदा वाचला, टोपण काढलं आणि खाली वळणदार अक्षरात लिहिलं, 'एक दिवसाची रजा मंजूर. बिनपगारी.'